दार अजून अडवलेलंच आहे

रेव्हनगिलच्या खाणकऱ्यांनो, विणकरणींनो, मेंढ्यांमागं डोंगर तुडवणाऱ्यांनो!

या दरीतलं असं एक घर मला दाखवा, जिथलं लेकरू या हिवाळ्यात तोंड उघडलं म्हणून मार खाऊन आलेलं नाही. त्यानं शिवी दिली नव्हती, चोरी केली नव्हती. ते फक्त 'बा गेल्ता' म्हणालं. 'वडील गेले होते' असं लांबलचक म्हणालं नाही. आपण भूतकाळाचं शेपूट तोडून बोलतो. आपले आजे तसंच बोलले, त्यांचे आजेही. त्या तुटक्या शेपटाची किंमत आज सात-आठ वर्षांचे तळहात मोजताहेत, आणि आपण संध्याकाळी त्या तळहातांना मेंढीची चरबी लावतो आणि गप्प बसतो.

खाली माझी आणि माझ्या बहिणीची पत्रं छापली आहेत. थर्झाला तुम्ही ओळखता. अकरा वर्षांमागं ती दरी सोडून लीड्सला गेली, तिथं मुलींच्या शाळेत शिकवते. या पत्रांत माझी लाज आहे आणि तिचीही आहे. आम्ही काहीही वगळलेलं नाही. ज्याला वाचता येत नाही त्याला शेजाऱ्यानं वाचून दाखवावं, आणि मध्येच उठू देऊ नये.

— इनॉक कोट्स, दगडखाण, रेव्हनगिल


रेव्हनगिल, ३० नोव्हेंबर १८८५

थर्झे,

म्हाताऱ्या डन्स्टन मास्तरांनी खोकल्यापायी शाळा सोडली. त्यांच्या जागी दक्षिणेकडचा एक पार्जिटर म्हणून आला आहे. कॉलर अशी कडक, की मान वळवायची तर आख्खा माणूस वळतो.

परवा आमची हेप्सी शाळेतून घरी आली ती गळ्यात सुयांचं म्यान घालून. कमरेला खोचून विणायची सुई रोवतात ते लाकूड. ते मीच कोरलेलं आहे. लग्नाच्या आदल्या हिवाळ्यात जेनेटसाठी कोरलं होतं, एकाच लाकडातून साखळी काढून टोकाला दोन बदाम. हेप्सी विणायला शिकली तेव्हा जेनेटनं ते तिला दिलं. मास्तरनं जप्त केलं, दोरी ओवली आणि त्याचं लोढणं केलं.

"हे गळ्यात का गं?" जेनेटनं विचारलं.

"मी म्हन्लं, कुत्र्यानं कोंबडी मारल्ती."

"मग?"

"मास्तर म्हन्ला, 'मारली होती' म्हण. मी म्हन्लं, होती कुठं, मेलीच की ती."

जेनेट हसली. मीही हसलो. मग पोरीनं हात पुढं केले. सहा वळ.

त्याचा नेम असा आहे. ज्याच्या गळ्यात लोढणं, त्यानं कान टवकारून फिरायचं. दुसरं कुणी शेपूट तोडून बोललं की पळत जाऊन मास्तरला सांगायचं आणि लोढणं त्याच्या गळ्यात घालायचं. शाळा सुटताना ते ज्याच्याकडं असेल त्याला छड्या. आता मधल्या सुट्टीत पोरं खेळत नाहीत, थर्झे. एकमेकांच्या तोंडाकडं बघत उभी असतात. भाऊ बहिणीला पकडून देतो. आपल्या माणसांनी प्रेमानं कोरलेल्या लाकडाचा त्यानं चहाडीचा बिल्ला केला.

तू मास्तरीण आहेस. याला काय म्हणतात तुमच्यात, शिक्षण?

इनॉक


लीड्स, ८ डिसेंबर १८८५

प्रिय इनॉक,

छडी मला मान्य नाही. लोढणंही नाही. तेवढं बोलून मी दुसरी बाजू मांडते, आणि तू पत्र फेकून देण्याआधी पुरं वाच.

इथं आले तेव्हा पहिल्याच जेवणात मी 'मी झोपल्ते' म्हणाले. टेबलाभोवतीच्या अकरा बायकांनी चमचे खाली ठेवले. नुसते चमचे खाली ठेवले. त्या रात्रीपासून मी एकेक शेपूट जोडायला शिकले. आज माझ्या बोलण्यावरून कुणीही माझं गाव ओळखत नाही. मैत्रीण विचारते, "कुठली तू?" मी म्हणते, "उत्तरेची." तेवढ्यानं भागतं.

तू सभेत बोललास की खाणकरी टोप्या उडवतात. त्या टोप्यांवर हेप्सीला शहरात जागा मिळणार नाही. जगाच्या दाराला एकच कुलूप आहे आणि त्याला एकाच घडणीची किल्ली लागते. पार्जिटर ती वाईट पद्धतीनं देतो आहे. पण देतो तर आहे.

जेनेटला आणि हेप्सीला प्रेम.

तुझी बहीण,
थर्झा


रेव्हनगिल, १३ डिसेंबर १८८५

थर्झे,

तुझं पत्र जेनेटला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "अक्षर थर्झाचंच आहे, पण बोलतंय कोण?"

किल्लीचं ऐक. आपल्या पेटीत पणजोबांचं बायबल आहे. त्याच्या पानोपान तुटकी शेपटं आहेत. चर्चच्या भिंतीत उमरावांच्या थडग्यांवर छिन्नीनं कोरलेली आहेत. ग्रंथालयात मी आख्खा हिवाळा घालवलाय, तुला माहीत आहे. केसांचे टोप घालणाऱ्या कवींनी ओळीओळीला शेपूट छाटलंय आणि त्यांची पुस्तकं सोनेरी कडांची आहेत. कवीनं छाटलं तर अलंकार, उमरावाच्या थडग्यावर छाटलं तर पावित्र्य, आणि हेप्सीनं छाटलं तर छडी. म्हणजे गुन्हा शब्दाचा नाहीच. गुन्हा आहे तो बोलणाऱ्याच्या बापाच्या हाताला लागलेल्या दगडाच्या भुकटीचा.

तू म्हणतेस भागतं. अकरा वर्षं 'उत्तरेची' म्हणून भागवलंस. आईच्या मातीला आलीस तेव्हाही तू शेपटं जोडूनच रडलीस. दरीतल्या बाया तुझ्याजवळ यायला बिचकल्या, हे तुला दिसलं का?

असो. एकवीस तारीख जवळ येते आहे. थॉमस संताचा दिवस. पोरं दार अडवणार. पार्जिटरला हा रिवाज ठाऊक नाही. कळेल त्याला.

इनॉक


रेव्हनगिल, २७ डिसेंबर १८८५

थर्झे,

दार अडवणं बिघडलं. कसं ते सांगतो.

रिवाज तुला आठवत असेल. उजाडायच्या आत पोरं शाळेत शिरतात, आतून अडसर घालतात. मास्तर येतो, तीनदा ठोठावतो, खोटंखोटं गुरगुरतो. सर्वांत धाकटं पोर कुलपाच्या भोकाला तोंड लावून मागण्या ओरडतं. मास्तर कबूल करतो. मग पोरं आपल्या हातानं अडसर काढतात आणि मास्तर खिशातून भाजलेले वाटाणे उधळतो. आपल्या वेळी डन्स्टन मास्तर भोकातून वाटाणे आधीच आत सोडायचे आणि ओरडायचे, "लाच घ्या, चोरांनो!"

यंदा धाकटी हेप्सी. मुलांनीच मागणी ठरवली होती की लोढणं बंद करावं. मी आणि दोघं-तिघं बाप कुंपणापाशी उभे होतो. पार्जिटरनं ठोठावलं ते खोटंखोटं नव्हतं.

आतून हेप्सीचा आवाज आला, "आमच्या जिभेवरचं जोखड काढ! तू आमच्या गळ्यात घातल्तं ते तुझ्या गळ्यात घाल!"

पार्जिटर भोकाशी वाकला. म्हणाला, "नीट बोललीस तर ऐकेन. 'घातलं होतं.' म्हण."

ती परत म्हणाली, "घातल्तं."

"घातलं होतं."

"घा… घातल…"

"अजून एकदा. सगळे ऐकताहेत."

थर्झे, असं त्यानं किती वेळ चालवलं! कडाक्याच्या थंडीत, दाराला तोंड लावून, एका सात वर्षांच्या पोरीशी! आधी आतली पोरं तिच्या बाजूनं ओरडत होती. मग हळूहळू तीच म्हणायला लागली, "म्हण की गं, हेप्सी, म्हण की एकदा." रिवाजात मोठ्यांनी पडायचं नसतं, म्हणून मी उभा राहिलो. शेवटी त्यानं काठीनं खिडकी फोडली, आत उतरला आणि स्वतःच अडसर काढून फेकला. हेप्सी भोकाशीच बसून होती. तोंडातून शब्द नाही.

तेव्हापासून नाही. सहा दिवस झाले. जेवते, विणते, बोलावलं की येते. बोलत नाही.

इनॉक


लीड्स, ३ जानेवारी १८८६

इनॉक,

'आमच्या जिभेवरचं जोखड.'

सात वर्षांची पोर असं बोलते? तिला जोखड माहीत आहे ते बैलाच्या मानेवरचं. हे वाक्य मी ओळखते. गेल्या उन्हाळ्यात खाणीवरच्या सभेत तू ते म्हणालास, तूच मला लिहून कळवलं होतंस, किती टाळ्या पडल्या तेही. मुलांनी मागणी ठरवली म्हणे! भाषण तुझं आणि तोंड तिचं. तुला पार्जिटरशी भांडायचं होतं, तर तुला दोन पाय होते आणि या परगण्यातला सर्वांत मोठा घसा होता. तू पोरीला भोकाशी बसवलंस आणि स्वतः कुंपणाशी उभा राहिलास.

आता ती हट्टानं गप्प बसली आहे. मुली बसतात. माझ्या वर्गात दर वर्षी एखादी असते. चार दिवस लाड बंद करा, बोलेल. नाही तर दोन वर्षांसाठी तिला माझ्याकडं पाठवा.

थर्झा


रेव्हनगिल, १६ जानेवारी १८८६

थर्झे,

वाक्य माझं होतं. मीच तिला पाठ करून दिलं, चुलीपाशी बसवून. तिनं स्वतःची मागणी सांगितली होती, "आईचं म्यान परत दे." मी म्हणालो, हे लहान आहे, मोठं माग. बस. याहून जास्त मला लिहिता येत नाही.

पण हट्ट म्हणू नकोस. जेनेटनं तिला कोंबड्यांच्या खुराड्यात बोलताना ऐकलं. दारामागं उभी राहून ऐकलं. "भिऊ नका, तो गेल्ता, परत नाही येनार." कोंबड्यांना सांगत होती. जेनेटची चाहूल लागली आणि बंद. माणसासमोर घसाच मिटतो तिचा.

आता कान देऊन वाच. शाळेच्या मंडळानं मंगळवारी हेप्सीला बोलावलं. पाद्री, खाणीचा मुनीम आणि पार्जिटर. तिला टेबलासमोर उभी केली. "नाव सांग." गप्प. "बाळ, तुझं नाव?" गप्प. मी म्हणालो, "साहेब, ती बोलते, पण…"

मुनीम म्हणाला, "बोलते? कुणाशी?"

"कोंबड्यांशी."

तिघं हसले. थर्झे, या तोंडानं मी आयुष्यभर सभा जिंकल्या, आणि त्या खोलीत माझ्या तोंडून निघालं ते एवढंच.

पार्जिटरनं मत दिलं की मुलगी मंदबुद्धी आहे, वाचा बसलेली आहे, इतर मुलांना तिचा उपद्रव होतो. तुमच्या शहराबाहेर अशा पोरांसाठी एक गृह आहे म्हणे. न्यायाधीशाचा हुकूमही आणला आहे. सोमवारी, एक फेब्रुवारीला सकाळी नऊ वाजता शाळेच्या दारातून गाडी निघणार. तोपर्यंत तिला रोज शाळेत बसवायचं, नाही तर हवालदार घरी येईल.

ते गृह कसलं आहे ते बघून ये. तुझी बोली तिथं चालेल. माझी नाही चालणार.

इनॉक


लीड्स, २४ जानेवारी १८८६

इनॉक,

काल गेले होते. माझे चांगले हातमोजे घातले, शाळेचं नाव सांगितलं, लगेच आत घेतलं. किल्ली चालली.

बाई सज्जन आहेत. सगळं स्वच्छ आहे. लांब खोलीत मुली बसून दोऱ्याच्या गुंड्या सोडवत होत्या आणि पुन्हा गुंडाळत होत्या. दिवसभर तेच काम. बाई म्हणाल्या, "यांना समाधान असतं." मी विचारलं, परत कधी जातात? बाईंना प्रश्नच कळला नाही. मग म्हणाल्या, "कुठं परत?"

खिडकीपाशी एक मुलगी होती. असेल बारा-तेरा वर्षांची. शाल पाठीमागं गाठ मारून घेतली होती, आपल्या शेजारच्या दरीत बांधतात तशी. मी जवळ गेले. तिनं वर न बघता, ओठ न हलवता विचारलं, "तू गारस्डेलवरून आल्तीस का?"

मी म्हणाले, "नाही गं. रेव्हनगिल."

"मला बर्फ होतं तवा आणल्तं. आई म्हन्ली, वसंतात येते. ती आल्ती का?"

मागून सेविका आली. "काय पुटपुटतेस? नीट बोल, नाही तर गप्प बस." मुलगी गप्प बसली, इनॉक. शिकवल्यासारखी. तिनं दोन्हींतलं सोपं ते निवडलं. ती मंदबुद्धी असेल तर तू, मी आणि आपली आई, सगळे मंदबुद्धी.

माझ्या तोंडून निघून गेलं, "आल्ती गं. तुझी आई दारापर्यंत आल्ती. यांनी आत सोडली नाही." मला ठाऊक नाही ते खरं आहे की नाही. पण मी ते आपल्या बोलीत म्हणाले, मोठ्यानं, हातमोजे घालून. बाईंनी माझ्याकडं पाहिलं. तोच तो चमचे खाली ठेवल्याचा आवाज मला पुन्हा ऐकू आला.

मी तुला लिहिलं होतं, जगाच्या दाराला एकच कुलूप आहे. कुलूप कोणत्या बाजूनं आहे ते मी कधी पाहिलं नव्हतं.

हेप्सीला या घरात येऊ द्यायची नाही. काय करायचं ते सांग. परतीच्या टपालानं कळव.

थर्झा


रेव्हनगिल, २७ जानेवारी १८८६

थर्झे,

म्हाताऱ्या डन्स्टनकडं गेल्तो. पांघरुणात बसून खोकत होते. सगळं सांगितलं.

त्यांनी एकच विचारलं, "आत आला कुठून?"

"खिडकीतून."

"अडसर कुणी काढला?"

"त्यानंच."

म्हातारा हसायला लागला, हसता हसता गुदमरला, त्यांच्या लेकीनं पाठ चोळली. "अरे गाढवांनो," म्हणाले, "मग तो आत आलाच नाही! वचन दिल्याशिवाय आणि पोरांच्या हातानं अडसर निघाल्याशिवाय दार उघडत नसतं. माझ्या बापाच्या वेळी एक मास्तर धुराड्यातून उतरल्ता. त्याला ईस्टरपर्यंत कुणी मास्तर म्हन्लं नाही. आख्ख्या गावानं दार धरल्तं. मोठ्यांनी! रिवाज मोडला की मोठ्यांनी धरायचं असतं. ते तुम्ही विसरलात आणि पोरांना एकटं सोडलंत."

विसरलो, थर्झे. आख्खी दरी विसरली. म्हणून मी कुंपणाशी उभा राहिलो.

मी सगळी पत्रं छापणार आहे. तुझीही देऊ का?

इनॉक


लीड्स, २९ जानेवारी १८८६

इनॉक,

सगळी दे. 'एकाच घडणीची किल्ली' आधी दे.

शाळेनं मला बोलावलं होतं. गृहातल्या बाईंनी कळवलं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "मिस कोट्स, तुम्ही तिथं कोणत्या भाषेत बोललात?" मी म्हणाले, "आईच्या." आज सामान बांधलं. शनिवारच्या आगगाडीनं निघते, पुढं टपालाच्या छकड्यातून येईन.

भोकाशी धाकटं पोर बसतं हा रिवाज मला मान्य आहे. पण या वेळी पोर नको. आपल्या घरातली धाकटी मीच. भोकाशी मी बसते.

तुझी,
थर्झा


रेव्हनगिलकरांनो!

वाचलंत. आता माझं ऐका. हे भाषण नाही. भाषणानं काय होतं ते मी माझ्या चुलीपाशी रोज बघतो आहे.

थर्झा काल संध्याकाळी पोचली. छकड्यातून उतरली आणि हेप्सीजवळ गेली. म्हणाली, "मी तुझी आत्या. लई वर्सं झाली, मी हरवल्ते." पोरीनं थर्झाचे हातमोजे काढले, स्वतःच्या खिशात घातले आणि तिचा उघडा हात धरून तिला कोंबड्या दाखवायला घेऊन गेली.

ही पोर उद्या नऊ वाजता त्या गाडीत बसली, तर ती परत येणार नाही. आणि ती पहिली आहे, एवढंच. तुमच्याकडंही एखादं लाजरं आहे, अडखळणारं आहे, मार खाऊन मिटलेलं आहे. पार्जिटरला आता वाट सापडली आहे. आधी छडीनं गप्प करायचं, मग गप्प आहे म्हणून पाठवून द्यायचं.

मुनीम खाणीची घरं काढून घेईल म्हणून तुम्ही भ्याल. एका इनॉकचं घर तो काढेल. चाळीस घरं काढली, तर त्याचा दगड कोण फोडेल?

दगड उचलायचा नाही, हात उगारायचा नाही, काच फोडायची नाही. खिडकीनं त्यांनी यायचं असतं, आपण नाही. थॉमस संताच्या दिवशी घातलेला अडसर अजून निघालेला नाही. आपल्या मागण्या दोनच. हेप्सीवरचा हुकूम परत घ्या. आणि तिनं पहिल्यांदा मागितलं होतं तेच, तिच्या आईचं म्यान परत द्या. थर्झा त्या भोकातून ओरडेल, शेपूट तोडून ओरडेल, आणि तिला कुणी 'नीट बोल' म्हणालं, तर आत बसलेले आपण सगळे तेच शब्द तसेच ओरडू.

उद्या, सोमवारी, उजाडायच्या आत शाळेत या. बाया विणकाम घेऊन या, पुरुष भाकरी बांधून या. आत या, हेप्सीला मध्ये घ्या, दाराला पाठ लावून बसा आणि वचन मिळेपर्यंत उठू नका.